एका गाडीची बॉडी दुसऱ्या गाडीच्या चासीवर: घरी करायचं असेल तर आधी हे वाचा

बॉडी स्वॅप करायचाय म्हटलं की नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ? अहो, वेल्डिंग हे यातलं त्यातल्या त्यात सोपं काम आहे, तुम्हाला येत नसेल तर येणारा माणूस दोन दिवस बोलावता येतो. मोजमाप मात्र दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, कारण कुठलं माप कशासाठी घेतलं हे तुमच्याच डोक्यात असतं. मी माझ्या पहिल्या गाडीवर माउंट (बॉडी चासीवर जिथे बोल्टने बसते ते ब्रॅकेट) तीन वेळा कापून परत जोडले, आणि तिन्ही वेळा वेल्डिंग एकदम मस्त झालं होतं, फक्त चुकीच्या जागी.

तर कल्पना अशी की तुमच्याकडे एक जुनी गाडी आहे जिची बॉडी तुम्हाला जीव की प्राण आहे, पण खालचं सगळं गंजलंय, ब्रेक लागले तर लागले, पार्ट मिळत नाहीत. आणि दुसरीकडे एक नवी गाडी आहे जी वरून कामातून गेलीय पण खालून ठणठणीत आहे. मग एकाचं धड आणि दुसऱ्याचे पाय. यात खरा फायदा हा की इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन सगळं एकमेकांशी जुळलेलं एकगठ्ठा मिळतं, चार गाड्यांचे पार्ट गोळा करून त्यांचं लग्न लावत बसावं लागत नाही.

आधी जोडी जमते का बघा

गाड्या ढोबळमानाने दोन जातीच्या. एक, जिच्यात खाली शिडीसारखी वेगळी फ्रेम, म्हणजेच चासी, असते आणि बॉडी तिच्यावर रबरी बुशवर (धक्के झेलणाऱ्या गोल रबरांवर) बोल्टने बसवलेली असते. बहुतेक पिकअप, जुन्या जीप, टोयोटा लँड क्रूझर, सुझुकी जिम्नी या त्यातल्या. दुसरी मोनोकॉक, म्हणजे फ्रेम वेगळी नाहीच, पत्र्याचं खोकं हाच सांगाडा. आजच्या जवळपास सगळ्या हॅचबॅक आणि सेडान अशाच असतात.

पहिल्यांदा करत असाल तर दोन्ही गाड्या फ्रेमवाल्याच घ्या, यावर मी वाद घालणार नाही. मोनोकॉक बॉडी फ्रेमवर बसवता येते, लोक करतात, पण तिची फरशी कापावी लागते, आणि दाराखालचे उंबरे, फरशीच्या मधोमध गिअरबॉक्ससाठी उंचावलेला बोगदा हे सगळं त्या गाडीची ताकद असते, ती कापली की वर उरतो नुसता पत्र्याचा डबा. मग आतून नवा सांगाडा उभा करा. ते तुमच्या तिसऱ्या गाडीसाठी ठेवा.

आता व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर. हे एक माप जुळलं तर अर्ध काम झालं. उदाहरण द्यायचं तर फोक्सवॅगन बीटल आणि त्याच कंपनीची कारमन घिया, दोघींचा व्हीलबेस २४०० मिमी, दोघींच्या खाली त्याच पद्धतीचं सपाट तळाचं पॅन. म्हणूनच बीटलच्या पॅनवर जगभर इतक्या वेगवेगळ्या फायबरच्या बॉड्या चढल्या. १९६४ साली आलेली मायर्स मँक्स बग्गी त्यातलीच, फक्त तिच्यासाठी बीटलचा पॅन साधारण १४ इंच आखूड करावा लागायचा. अमेरिकेत १९५३ ते ५६ ची फोर्ड एफ-१०० पिकअप घेतात, तिचा व्हीलबेस ११० इंच, आणि खाली शेव्हर्ले एस-१० ची छोटी फ्रेम घालतात, तिचा १०८.३ इंच. फरक पावणेदोन इंचाचा, म्हणजे निभावून जातं. पण त्याच जोडीत एक खोडा आहे, एस-१० ची फ्रेम अरुंद. डावं-उजवं चाक एकमेकांपासून जितकं लांब असतं ते अंतर, ज्याला ट्रॅक म्हणतात, ते कमी पडतं आणि चाकं कमानीच्या आत लपतात, मोठ्या माणसाने लहान मुलाचे बूट घातल्यासारखी गाडी दिसते. त्याला वेगळ्या ऑफसेटची (म्हणजे चाक जास्त बाहेर बसवणारी) रिम किंवा रुंद अ‍ॅक्सल असे उपाय आहेत. उलटं असेल, म्हणजे ट्रॅक जास्त आणि टायर कमानीच्या बाहेर, तर ते जास्त कटकटीचं, कारण टायर मडगार्डला घासतो.

माझं मत सांगतो, व्हीलबेसमध्ये २ इंचापर्यंत फरक असेल तर बॉडी थोडी पुढेमागे करून आणि चाकाची कमान जराशी सरकवून जमतं. त्याच्यावर गेलं की फ्रेम कापून जोडायची वेळ येते, आणि ते काम पहिल्यांदा करणाऱ्याने स्वतः करू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि हो, कागदपत्रं. बहुतेक ठिकाणी गाडीची ओळख म्हणजे चासी नंबर, आणि तो फ्रेमवर ठोकलेला असतो. बॉडी एकीची, नंबर दुसरीचा, मग नोंदणी कुठल्या गाडीच्या नावावर? नियम जागोजागी वेगळे आहेत, काही ठिकाणी असा बदल चालतच नाही, तेव्हा ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी नोंदणी कार्यालयात आणि विमावाल्याकडे जाऊन विचारा, लेखी घ्या. दोन्ही गाड्यांचे कागद, खरेदीच्या पावत्या, कामाचे फोटो सगळं एका फाइलमध्ये. चासी नंबर असलेला तुकडा कापायचा नाही, घासायचा नाही, त्यावर वेल्डिंगही नाही. तो दुसरीकडे जोडणं म्हणजे सरळ गुन्हा.

जागा आणि हत्यारं

दोन गाड्या शेजारी शेजारी मावतील आणि चारी बाजूने फिरता येईल एवढी जागा लागते, आणि ती काही महिने अडकणार आहे हे घरच्यांना आधीच सांगा. फरशी सपाट असावी, नसतेच. मग गवंड्यासारखी पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन टोकांतलं पाणी एका पातळीत येतं, त्यावरून चारी स्टँडखाली किती फळी सरकवायची ते कळतं. लेझर असेल तर उत्तम, पण नळी बिघडत नाही.

बाकी यादी नेहमीचीच: चांगले जॅक स्टँड (सहा तरी), इंजिन उचलायचा होइस्ट, ग्राइंडर, मिग वेल्डर, स्पॉट वेल्ड कापायचा ड्रिल बिट, टॉर्क पाना, भरपूर गंज सोडवायचं तेल, ओळंबा, गुण्या, खडू, दोरी. अग्निशामक हाताशी, आणि तो भरलेला आहे का ते बघा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटासाठी पण नाही.

खोलायच्या आधी मापं

दोन्ही गाड्या अख्ख्या असताना, स्वतःच्या चाकांवर, टायरमध्ये बरोबर हवा असताना मापं घ्या. ही संधी परत येत नाही. जमिनीपासून चासीची उंची चारी कोपऱ्यात, चाकाच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंत, दाराच्या उंबऱ्याची उंची पुढे आणि मागे, फायरवॉल (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) पुढच्या चाकाच्या केंद्राच्या किती मागे आहे, रेडिएटरचा वरचा कठडा किती उंच, स्टिअरिंगचा दांडा फायरवॉलमधून कुठे बाहेर येतो.

लांबीची सगळी मापं चाकाच्या केंद्रापासून घ्यायची, बंपरपासून नाही. बंपर वाकलेला असू शकतो, कोणीतरी आधी बदललेला असू शकतो. नेहमी एकाच ठिकाणाहून सुरुवात केली की चूक कुठे झाली ते सापडतं.

ओळंबा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मधोमध धरायचा आणि टोक जिथे येईल तिथे जमिनीवर खडूने फुली. चार चाकांच्या चार फुल्या. आता तिरकं मोजा, पुढचं डावं ते मागचं उजवं आणि पुढचं उजवं ते मागचं डावं. दोन्ही सारखे आले पाहिजेत, मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. माझ्याकडे आलेल्या चासीत हा फरक ११ मिमी निघाला, विकणारा म्हणत होता की धडक फक्त वरून बसलीय. ती मी परत केली. ओळंबा वाऱ्याने हलत राहतो आणि आपण अंदाजाने फुली मारतो, त्यापेक्षा खाली पाण्याचा डबा ठेवायचा आणि ओळंब्याचं टोक त्यात बुडवायचं, दहा सेकंदात दोरी स्थिर होते, मग डबा अलगद काढून खूण करायची. बारीक गोष्ट आहे पण हिच्यामुळे माझे किती तास वाचले ते मलाच माहीत.

वहीत लिहा. मोबाइलवर फोटो काढा, पण आकडे वहीत.

खोलणं

बॅटरी काढा. एअरबॅग असेल तर बॅटरी काढल्यावर लगेच हात लावू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, गाडीच्या मॅन्युअलमध्ये जितका वेळ थांबायला सांगितलंय तितका थांबा. एसीचा गॅस हवेत सोडायचा नाही, एसीवाल्याकडून काढून घ्या. पेट्रोलची टाकी काढा आणि काम चाललंय तिथून लांब ठेवा, आणि रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी असं समजू नका, उलट रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, तिच्याजवळ ठिणगी गेली तर संपलं.

वायर कापायच्या नाहीत, एकही नाही. कनेक्टर सोडवा आणि दोन्ही बाजूंना एकच नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा. कंटाळा येतो हे मला मान्य आहे, तरी लावा. नट-बोल्ट पिशव्यांमध्ये, पिशवीवर नाव.

बॉडी उचलायच्या आधी सुटायला हवं ते असं: स्टिअरिंगचा मधला दांडा, ब्रेकच्या नळ्या, क्लच, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, गिअर लिव्हर, हँडब्रेक, हीटरचे होस, टाकीचं नळकांडं, आणि चासी ते बॉडीच्या अर्थच्या पट्ट्या. हमखास एक काहीतरी राहतं. त्यामुळे पहिल्यांदा बॉडी फक्त दोन बोटं उचला आणि टॉर्च घेऊन सगळीकडे फिरून बघा, काय ताणलं जातंय. माझा हँडब्रेक राहिला होता.

माउंटचे बोल्ट गंजलेले असतात, तीन-चार दिवस आधीपासून रोज तेल सोडा. जोर केला की आतला बंदिस्त नट फिरायला लागतो आणि मग फरशीला भोक पाडून तो पकडावा लागतो. पिकअपची रिकामी केबिन, दारं आणि काचा काढून, पाच-सहा धडधाकट मित्रांना उचलता येते. अख्खी बॉडी असेल तर खालून दोन चौकोनी पाइप आरपार घालायचे आणि चारी टोकांना जॅकने थोडं थोडं वर घेत स्टँड बदलत जायचं, मग चासी खालून ढकलून बाहेर.

कापायच्या आधी आतून आधार

हे नवीन लोक विसरतात. बॉडीची फरशी किंवा उंबरा कापायचा असेल तर आधी दारं लावून, बंद करून, फटी सगळीकडे सारख्या आहेत का बघायचं, आणि तशाच अवस्थेत आतून २५ मिमीचा चौकोनी पाइप वेल्ड करायचा. दाराच्या चौकटीत तिरका, डावीकडून उजवीकडे आडवा, पुढून मागे उभा. हे पाइप दार उघडता-मिटता येईल असे आतल्या बाजूने असावेत, म्हणजे काम चालू असताना फटी तपासत राहता येतात. आधार न देता फरशी कापली तर बॉडी उमलते, म्हणजे अक्षरशः मधून पसरते, आणि मग दार काही केल्या मिटत नाही.

चासी तयार करणं

वायर ब्रशने घासा, हातोडीने ठोकत चला. चांगला लोखंडी आवाज आला तर ठीक, भदभद आवाज आला तर आत गंज आहे. जुन्या बॉडीचे नको ते ब्रॅकेट आत्ताच कापू नका, काही उपयोगी पडतात, मॉकअप, म्हणजे बॉडी चासीवर नुसती ठेवून जुळवून बघणं, झाल्यावर ठरवा. रंग शेवटी.

फ्रेम आखूड करावीच लागली तर एवढं तरी माहीत असू द्या म्हणजे करणाऱ्यावर लक्ष ठेवता येईल: सरळ उभा काप देऊन तोंडाला तोंड जोडायचं नसतं. काप तिरका किंवा झेडसारखा पायरीचा, आणि वरून हिऱ्याच्या आकाराची पट्टी, कारण उभ्या सरळ वेल्डवर सगळा ताण एकाच रेषेत येतो आणि तिथेच चीर जाते.

मॉकअप: इथे घाई केली की संपलं

चासी तिच्या खऱ्या उंचीवर उभी करायची. खरी म्हणजे गाडी पूर्ण वजनाने उभी असताना जी होती ती, वहीत लिहिलीय ना, तीच. माझी मोठी चूक इथली. इंजिन साफ करायला बाहेर काढलं होतं, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगवर वजन नव्हतं आणि चासीचं नाक वर उठलेलं. मला ते दिसलंच नाही. मी त्या वर उठलेल्या चासीवर बॉडी छान आडव्या पातळीत बसवली, माउंट टॅक केले (वेल्डच्या ठिपक्यांनी तात्पुरते धरले), दुसऱ्या दिवशी पक्के वेल्ड पण केले. इंजिन परत बसलं आणि गाडीने नाक खाली घातलं, शिंग रोखून उभ्या राहिलेल्या बैलासारखं. त्यामुळे एकतर इंजिन-गिअरबॉक्स जागेवर ठेवा, नाहीतर स्प्रिंग काढून अ‍ॅक्सल आणि चासीच्या मध्ये मापाचे लाकडी ठोकळे घाला.

मग बॉडी अलगद वर घ्या, लाकडी ठोकळ्यांवर. आता फक्त बघत बसायचं, आणि पाच-पाच मिलिमीटर सरकवायचं. आधी मागची चाकं कमानीच्या मधोमध आणा असं काही जण म्हणतात, मी उलट करतो. पुढचं चाक आधी जुळवा, कारण पुढे चाक वळतं, तिथे जागा कमी असते, आणि कमान, दार, बॉनेट सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. मागची कमान त्या मानाने सहज सरकवता येते.

सरकवताना हे सगळं एकत्र बघावं लागतं. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर कुठे लागतो का. सस्पेन्शन पूर्ण दाबलं जाईल तेव्हा टायर कमानीच्या आत किती जाईल, म्हणजे स्प्रिंग काढून अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन जिथे टेकून थांबतं त्या रबरापर्यंत) वर घेऊन बघायचं, आणि चाक वळवलेलं असताना परत एकदा. बॉनेट इंजिनवर मिटतं का, नुसतं मिटून चालत नाही, इंजिन आपल्या रबरावर हलतं, तेव्हा बोटभर मोकळी जागा हवी. गिअरबॉक्स बोगद्यात मावतो का. पेडल जिथे येतात तिथे तुमचे पाय येतात का, खरंच सीट ठेवून बसून बघा, गाडीत बसून स्टिअरिंग धरल्याचं नाटक करताना शेजारी हसतील, हसू देत.

मग लांब जा. वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन बघा. टेप म्हणते बरोबर आहे पण डोळ्याला बॉडी मागे कललेली दिसते, असं होतं, कारण जुन्या गाड्यांच्या कमानी चाकाशी मुळातच एककेंद्री नसतात. अशा वेळी डोळ्याचं ऐका, घासत नसेल तर. आणि मग लगेच वेल्ड करू नका, एक रात्र तसंच ठेवा.

माउंट

बॉडी चासीला थेट वेल्ड करायची नाही. हे कितीही सोपं वाटलं तरी नाही. शिडीची फ्रेम रस्त्यावर पिळली जाते, तिला तसंच बनवलेलं असतं, आणि बॉडी घट्ट चिकटवली तर तो पीळ खिडकीच्या कोपऱ्यात आणि दाराच्या खांबाच्या तळाशी चीर बनून बाहेर येतो. म्हणून रबरी किंवा पॉलियुरेथेनचे बुश. शक्य असेल तर चासीचे मूळ माउंट वापरा आणि बॉडीकडून ब्रॅकेट उतरवा.

नवे ब्रॅकेट ४-५ मिमी जाड पत्र्याचे, आणि खाली तिरका आधार असलेले. फरशीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड, त्यात नुसतं भोक पाडून बोल्ट घातला तर काही महिन्यांत फाटतो, त्यामुळे वर-खाली मोठी प्लेट. आणि चासी बंद चौकोनी असेल आणि बोल्ट आरपार जात असेल तर आत पोलादी नळी घालून ती वेल्ड करायची, नाहीतर नट आवळताना चासीच आत दबते. माउंट कुठे? फायरवॉलखाली, दाराच्या खांबांखाली, सीटच्या मागे, जिथे बॉडीत मुळात ताकद आहे तिथे. फरशीच्या मध्यावर नाही.

आधी सगळ्यांना नुसते टॅक. मग सगळी मापं परत, दाराच्या फटी परत, आणि मगच पक्कं वेल्ड, तेही एका माउंटवर थोडं, मग समोरच्या कोपऱ्यातल्या माउंटवर थोडं असं फिरत. एका जागी गरम करत राहिलात तर लोखंड ओढलं जातं.

वेल्डिंगबद्दल तीन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. वेल्डरची अर्थची क्लिप काम चाललंय त्याच्या अगदी जवळ लावा, लांब लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) तर आधीच काढून ठेवा. झिंकचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, मुलामा घासून काढा आणि मास्क लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने साफ करून लगेच वेल्ड करायचं नाही, आर्कच्या उष्णतेने आणि प्रकाशाने त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे, युद्धात वापरलेला. साफ करायला अ‍ॅसिटोन वापरा, पूर्ण सुकू द्या, आणि डबा वेल्डिंगपासून लांब.

स्टिअरिंग

जुन्या बॉडीतला कॉलम (स्टिअरिंग चाकाचा दांडा) आणि नव्या चासीचा स्टिअरिंग बॉक्स कधीच एका रेषेत येत नाहीत. मध्ये युनिव्हर्सल जॉइंट आणि दांडा लागतो. एका जॉइंटला ३० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका, जास्त लागत असेल तर दोन जॉइंट. तिसरा आला तर मधल्या दांड्याला आधाराची बेअरिंग हवीच, नाहीतर तो उड्या मारायच्या दोरीसारखा फिरतो. दोन जॉइंटचे चिमटे एकमेकांशी जुळवून बसवावे लागतात, चुकलं तर स्टिअरिंग फिरवताना मध्येच जड मध्येच हलकं लागतं. दांडा कापून घरी वेल्ड करू नका, खाचांचे तयार दांडे आणि जॉइंट मिळतात, तेच घ्या. आणि जमलं तर नव्या गाडीचा दबला जाणारा कॉलम वापरा, जुन्या गाड्यांचा अखंड दांडा धडकेत सरळ छातीकडे येतो.

ब्रेक

चासीबरोबर आलेली सिस्टिम अख्खी ठेवता आली तर सोन्याहून पिवळं, पेडल, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा), मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा पंप) सकट. बूस्टर फायरवॉलवर मावत नाही म्हणून लोक मास्टर फरशीखाली नेतात. तिथे तो कॅलिपरच्या (चाकातली डिस्क दाबणाऱ्या चिमट्याच्या) खाली गेला तर ऑइल मागे ओघळतं आणि पेडल मऊ पडतं, त्यासाठी दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला २ पीएसआयचा आणि ड्रमला १० पीएसआयचा, अदलाबदल झाली तर डिस्क चिकटून राहते.

नळ्या पोलादी किंवा तांबं-निकेलच्या, टोकं दुहेरी दुमडलेली. साधी तांब्याची नळी नको, प्लंबिंगचे दाबून बसवायचे जॉइंट तर अजिबात नको. नळी चासीवरून बॉडीवर जाते तिथे लवचिक होस, कारण दोन्ही वेगवेगळं हलतात. आणि बॉडी मूळ बॉडीपेक्षा बरीच हलकी किंवा जड असेल तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा हिशोब बिघडतो, मागची चाकं आधी लॉक होतायत का हे ओल्या मोकळ्या मैदानात हळू वेगात बघायलाच हवं. ब्रेकच्या कामात खात्री नसेल तर दुसऱ्या जाणत्याकडून तपासून घ्या, यात कमीपणा नाही.

वायरिंग

सोपा नियम, इंजिन ज्या गाडीचं वायरिंग त्याच गाडीचं, अख्खं. ईसीयू, चावी, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), मीटर, सगळं एकत्र उचला. जुन्या बॉडीचं वायरिंग काढून टाका, फक्त लाइट आणि इंडिकेटरपुरतं जोडून घ्या.

आता एक गंमत. बॉडी रबरावर बसलीय, म्हणजे चासीशी तिचा विजेचा संबंधच नाही. मी सगळं जोडलं, चावी फिरवली, इंजिन सुरू, आनंदीआनंद. हेडलाइट लावले तर पिवळट, इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा त्याच तालावर नाचायला लागला. दोन संध्याकाळी स्विच आणि फ्यूज तपासण्यात गेल्या आणि मग बॉनेटखाली हात गेला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल कोमट. बॉडीचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून इंजिनकडे जात होता. विणलेल्या तांब्याच्या दोन जाड पट्ट्या, एक बॉडी ते चासी, एक इंजिन ते चासी, रंग खरवडून चकचकीत लोखंडावर आवळल्या, आणि पाच मिनिटांत सगळं जागेवर.

एअरबॅगचं म्हणाल तर त्यांचे सेन्सर मूळ गाडी धडकेत कशी चेपते त्या हिशोबाने बसवलेले असतात. दुसऱ्या बॉडीत त्या वेळेवर उघडतील याचा भरवसा नाही, म्हणून मी त्या अर्धवट लटकवून ठेवण्यापेक्षा जाणकाराकडून काढून घेतो आणि सीट बेल्टवर जास्त मेहनत घेतो.

फरशी, सीट, पट्टे

नवी फरशी १.२ मिमी पत्र्याची चालते, फक्त तिला खाचा दाबून घ्या, सपाट पत्रा ढोलासारखा वाजतो. वेल्ड ठिपक्या-ठिपक्याने, लांब ओळ मारली की पत्रा लाटा घेतो. सांध्यांना सीलर, बंद पोकळ्यांत मेण.

सीट बेल्टचे बोल्ट नुसत्या फरशीत कधीच नाहीत. मागे ३ मिमी जाडीची मोठी प्लेट, कडा गोलसर केलेल्या, आणि बेल्टचेच बोल्ट वापरा, बऱ्याच गाड्यांत ते ७/१६ इंची २० आट्यांचे असतात. हाताला आलेला कुठलाही बोल्ट नको. एक लक्षात ठेवा, सीट चासीला आणि बेल्ट बॉडीला असं करू नका, धडकेत बॉडी चासीवर सरकली तर माणूस मध्ये सापडतो. दोन्ही एकाच गोष्टीला.

टाकी, रेडिएटर, सायलेन्सर यात फार काही सांगण्यासारखं नाही. टाकी मूळ जागीच ठेवा, सायलेन्सर नळ्यांपासून लांब, रेडिएटरला हवा आत येते तशी बाहेर जायला पण वाट हवी.

पहिली फेरी

आधी जागेवरच. ब्रेक पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा, मग खाली टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट बघा. इंजिन गरम होऊन पंखा सुरू होईपर्यंत चालू ठेवा. मग आवारात चालण्याच्या वेगाने, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून. टायरच्या कडेला आणि कमानीच्या आत खडू फासून ठेवा, कुठे घासलं तर ते लगेच दिसतं.

मग व्हील अलाइनमेंट, बॉडीचं वजन बदललंय म्हणजे उंची बदललीय म्हणजे कॅम्बर-कॅस्टर-टो हे चाकांचे कोन सगळे बदललेत. टायरचा आकार बदलला असेल तर स्पीडोमीटर चुकीचं दाखवणार, मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. त्यानंतर तपासणी, जिथे जी लागते ती.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर माउंटचे सगळे बोल्ट परत टॉर्क पान्याने आवळा, रबर बसतं आणि बोल्ट ढिले पडतात. ५०० ला परत एकदा. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एकच रेघ ओढून ठेवा, बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते, मग दर वेळी पाना घेऊन खाली झोपावं लागत नाही. माझ्या गाडीत पुढच्या डाव्या माउंटची रेघ दोनदा तुटली, तिसऱ्यांदा मी तिथे लॉक नट घातला.